उसना घेतलेला परत कधी द्यायचा?

३ सप्टेंबर

मावशी,

नमस्कार. साष्टांग घालायला कागदावर जागा कमी आहे, तेव्हा उभ्या उभ्याच घे. फोनवर 'शाळा' म्हटलं की तुला 'शाल' ऐकू येतं आणि मग आईला दिवसभर शालींचे भाव सांगत बसावं लागतं, म्हणून लिहितोय.

बातमी अशी की मी मास्तर होणार आहे. हसू नकोस, आधी पुरतं वाच. इथल्या प्राथमिक शाळेत सहायक शिक्षकाची एक जागा निघाली आहे. पदवीची अट नाही. मुलाखत घेणार आणि दुसरीच्या वर्गावर नमुना पाठ द्यायला लावणार. पाठ आवडला की नोकरी. म्हणजे त्यांना कागद नको, माणूस हवा. मग मी कशाला मागे राहू?

कॉलेज सोडलं त्यात माझी चूक नव्हती, हे मी अजूनही म्हणतो. सर भर वर्गात म्हणाले, "तुमच्यासारख्यांनी बाकं अडवू नयेत." मी बाक मोकळं केलं. जाताना दार जरा जोरात लागलं आणि त्याची काच फुटली, तो दाराचा दोष. तेव्हापासून झेरॉक्सच्या दुकानात उभा आहे, दुसऱ्यांच्या पदव्यांच्या प्रती काढत.

आमच्या दुकानाला लागून लाँड्री आहे. लाँड्रीवाल्यांच्या मुलीनेही याच जागेसाठी अर्ज भरलाय. सकाळी ती इस्त्री करते, संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेते. तिचा पाठ ऐकशील तर चाट पडशील. वजाबाकी! बेचाळीसमधून सात. हँगरच्या आडव्या दांडीला कपड्यांचे दहा चिमटे लावायचे, तो एक दशक. असे चार हँगर आणि दोन चिमटे सुटे. आता सात द्या. दोनातून सात कुठून देणार? आपल्याला काय शिकवलं होतं, शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्या. तर तिच्या शिकवणीतल्या एका चिमुरडीने विचारलं, "उसना घेतलेला परत कधी द्यायचा?" मावशी, आपण इतकी वर्षं वजाबाक्या केल्या, कोणी परत दिला का गं? तिने तिथल्या तिथे उसना हा शब्दच काढून टाकला. म्हणाली, "हे आपल्याच घरातलं आहे. उसनं कशाला? एक हँगर सोडवू या." चिमटे खळखळ खाली पडतात आणि पोरं खिदळतात. हसताना ती मान जरा डावीकडे करते. पण ते असो.

जागा एक आणि आम्ही दोघं. तरी तयारी एकत्र करायची असं ठरलंय. आता तू सांग. तू असल्या मुलाखती घेतल्या आहेस. काय विचारतात? कॉलेजचं विचारलं तर काय सांगू?

तुझा,
भाचा

ता. क. आई म्हणते, मावशीला विचार पण तिचं ऐकसुद्धा.


१० सप्टेंबर

चि. तडतड्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलाखतीसाठी, दुसऱ्यांदा लाँड्रीसाठी. मला कानाने कमी ऐकू येतं, डोळ्यांनी नाही. "पण ते असो" म्हणे! काय असो?

आता कामाचं. मी निवृत्त होईपर्यंत किती उमेदवार समोर बसवले त्याचा हिशेब नाही. आम्ही काय बघायचो सांगते. मूल चुकल्यावर उमेदवाराचा चेहरा कसा होतो ते. ज्याच्या कपाळाला आठी पडली तो गेला. ज्याला गंमत वाटली त्याच्या नावापुढे मी खूण करायची. बाकी सगळं शिकवता येतं.

कॉलेजचं विचारतीलच. खरं सांग, पण क्रम बदल. आधी काच फुटल्याचं सांग, मग सरांचं. तू नेहमी दुसऱ्याच्या चुकीपासून सुरुवात करतोस आणि आपल्या चुकीपर्यंत पोचेस्तोवर ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

समोरचा टोचून बोलला तर मनात तुझ्या आईचं संपूर्ण नाव म्हण, आडनावासकट. तेवढ्या वेळात डोकं निवतं.

आणि एक. तुझ्या पत्रात तिचा पाठ आहे, तिचे चिमटे आहेत, तिची मान आहे. तुझा पाठ कुठे आहे? तू काय शिकवणार आहेस रे?

तुझी,
बहिरी मावशी


१९ सप्टेंबर

मावशी,

माझा पाठ आहे, बरं का! घड्याळ. साडेचार आणि पावणेपाच यांतला फरक. पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ केलंय, काटे फिरतात. मोठा काटा सारखा गळून सहावर येतो, त्यामुळे माझ्या घड्याळात कायम साडेकाहीतरी वाजलेले असतात. ती म्हणाली, "तुझ्यासारखंच आहे, अर्ध्यावर येऊन थांबणारं." दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. तिचं ऐकलं. हसलोसुद्धा.

सराव लाँड्रीच्या मागच्या खोलीत चालतो. शिकवणीच्या पोरांपुढे ती शिकवते आणि मी शेवटच्या सतरंजीवर बसून दुसरीतला मठ्ठ मुलगा होतो. मुद्दाम चुकतो. "बाई, दोनातून सात जात नाहीत तर सातातून दोन घालवू का?" तिच्या कपाळाला आठी पडत नाही, मावशी. तू असतीस तर मोठी खूण केली असतीस. तिचा पाठ मला आता इतका पाठ झालाय की कुठे थांबते, कुठे खडू खाली ठेवते, सगळं झोपेत सांगेन. माझ्या घड्याळाचा सराव मात्र राहतोच. माझी पाळी आली की तिचे वडील हाक मारतात, नाहीतर मीच म्हणतो, "तुझं पुन्हा एकदा घे."

परवा मुलाखत. माझा शर्ट तिने इस्त्री केलाय. कॉलर अशी बसली आहे की मान आपोआप ताठ होते. मीही तिला सांगून टाकलंय, हँगर-चिमट्यांची पिशवी त्या दिवशी मी उचलणार. ती म्हणाली, "पिशवी जड नाहीये." मी म्हटलं, "तरीपण."

एवढं झालं की तिला सांगणार आहे. काय ते तुला कळलंय. नोकरी लागली तर सांगायला तोंड असेल. झेरॉक्सवाला काय सांगणार?

भाचा


४ ऑक्टोबर

चि. मास्तरांस,

तुझ्या आईने माझ्या शेजारच्या सूनबाईंकडे फोनवर निरोप दिला आणि त्या माझ्या कानाशी येऊन ओरडल्या. निवड झाली म्हणे! अरे, मी टाळ्या वाजवल्या. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले आहे. आमच्या वाचनालयातल्या बाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. भाचा काच फोडून निघाला आणि शाळेत पोचला!

पण पत्र तुझ्याकडून यायला हवं होतं. दर वेळी चार पानं खरडतोस आणि आता आनंदाच्या वेळी शाई संपली का? सगळं नीट कळव. काय विचारलं, काय उत्तर दिलंस, कॉलेजचं कसं निभावलंस? आणि तिचं काय झालं? तिला सांगितलंस का?

आईचं नाव आडनावासकट किती वेळा म्हणावं लागलं?

तुझी,
मावशी


९ ऑक्टोबर

मावशी,

नमस्कार. निवड झाली हे खरं आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचंय. कॉलेजचं तू सांगितल्यासारखंच सांगितलं, आधी काच. मुख्याध्यापिकाबाई हसल्या. पाठ ठीक झाला.

तिचं झालं नाही. जागा एकच होती.

इकडे सगळे मजेत. दुकानात काम फार आहे, म्हणून लिहिणं झालं नाही. एक विनंती. वाचनालयातल्या बाईंना वगैरे इतक्यात सांगू नकोस.

भाचा


१५ ऑक्टोबर

चि. तडतड्यास,

पत्र नव्हे, तार पाठवलीस.

मला घड्याळाचं सांग. मोठा काटा गळला का? साडेचार आणि पावणेपाच यांतला फरक पोरांना कळला का? एखादं पोर काहीतरी मजेशीर चुकलंच असेल. माझ्या उमेदवारांना मी बाहेर पडल्या पडल्या विचारायची, "कोणतं मूल चुकलं?" ज्याने खरोखर शिकवलेलं असतं तो एका दमात सांगतो.

तुझ्या पत्रात घड्याळ नाही. पोरं नाहीत. तिची मान नाही. नुसता "पाठ ठीक झाला." हे वाक्य तुझं वाटत नाही मला.

घाई नाही. पण लिहायचं तर लांब लिही.

मावशी


२२ ऑक्टोबर

मावशी,

घड्याळाचा पाठ झालाच नाही.

तीन कागद फाडले. आधी वाटलं, मोठा काटा गळला असं लिहावं आणि गंमत करून टाकावी. मग लक्षात आलं की आता मी तुलाही फसवायला निघालोय.

त्या दिवशी पिशवी माझ्या खांद्यावर होती. तिने दोनदा मागितली, मी दिली नाही. खाली ठेवली तर ती उचलेल म्हणून ठेवलीही नाही. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. ती पाणी प्यायला नळावर गेली आणि तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं. मी ताडकन उठलो. घड्याळ घातलेली मोठी फाइल बाकावर राहिली आणि खांद्यावर पिशवी घेऊन मी आत गेलो.

मुलाखतीचे प्रश्न बरे गेले. मग शेजारच्या वर्गात नेलं. मुख्याध्यापिकाबाई आणि समितीतले दोघं मागे बसले. पोरं माझ्याकडे बघायला लागली आणि मला कळलं की फाइल बाहेर आहे. दार समोरच होतं. "एक मिनिट हं" म्हणून आणता आली असती. पण उठून बाहेर जायचं म्हणजे मी वेंधळा दिसणार, या एका विचाराने पाय जमिनीला चिकटले. भर वर्गातून ताडताड बाहेर पडणारा मी, तेव्हा बाहेर जायला लाजलो. हात पिशवीत गेला. हँगर निघाला.

मग तिचाच पाठ तोंडून वाहायला लागला. तिचे थांबे, तिचा खडू खाली ठेवणं, सगळं. एका मुलीने सातातून दोन घालवले आणि मला खरंच गंमत वाटली. ती गंमतही बहुतेक तिच्याकडूनच आलेली. मी विचारलं, "उसना घेतलेला परत कधी द्यायचा?" एक हँगर सोडवला. चिमटे खळखळ पडले. पोरं खिदळली. मागचे तिघंही हसले.

इथवरचं एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं. घाबरलो, हातून झालं. पण पाठ संपल्यावर बाईंनी विचारलं, "हा उसन्याचा प्रश्न तुम्हाला कसा सुचला हो?" मावशी, तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो. अगदी थंड डोक्याने म्हणालो, "मुलांमध्ये बसलं की सुचतं."

हे वाक्य माझ्या कानांतून जात नाही.

बाहेर आलो. ती दाराशीच उभी होती. दाराला काच आहे, तिने सगळं पाहिलं असणार. चिमटे मी पिशवीत कसेही कोंबले होते. तिने पिशवी घेतली आणि शिपायाने तिचं नाव पुकारलं. काही बोलायला वेळच नव्हता. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

दार अर्धवट उघडं राहिलं होतं. तिने हँगर काढल्याबरोबर एक जण म्हणाले, "हे आत्ताच झालं की. दुसरं काही आणलंय?" ती म्हणाली, "नाही." मग दुसरे म्हणाले, "सामानसुद्धा त्यांचंच उचललंत वाटतं!" आणि हसले.

मी बाहेर होतो, मावशी. माझं तोंड जे दर ठिकाणी नको तेव्हा उघडतं, ते त्या वेळी शिवल्यासारखं बंद. तिने एक शब्द सांगितला असता तर माझा निकाल लागला असता. ती म्हणाली, "धन्यवाद," आणि बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचा एक हँगर आत राहिलाय. फळ्याच्या खिळ्याला." मला आत जायचा धीर झाला नाही. तिने जरा वाट पाहिली आणि चालायला लागली. पिशवी तिच्या खांद्यावर होती.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. शिकवणी चालू आहे. भिंतीपलीकडून चिमट्यांचा आवाज येतो, मी झेरॉक्सचं यंत्र चालू करतो.

काल आईने हौसेने माझा शर्ट लाँड्रीत टाकला, रुजू व्हायच्या दिवसासाठी. आज घडी परत आली. कॉलर तशीच, मान ताठ करणारी. तिला शर्ट ओळखू आला असणारच. जाळला असता, डाग पाडला असता तरी बरं वाटलं असतं. तिने नेहमीसारखा नीट केला. तो मला अंगात घालवत नाही.

तुला सांगितलं. आता तू काय म्हणशील ते म्हण.

भाचा


२६ ऑक्टोबर

प्रिय,

तडतड्या लिहायला आज हात होत नाही.

मला सांगितलंस, तुझं थोडं हलकं झालं असेल. तिचं काय झालं? माझ्याकडे ती नोकरी नाही आणि तिच्यावर हसलेही मी नाही. पत्त्यावर चुकून माझं नाव घातलंस. हे पत्र शाळेत जायला हवं होतं.

मी रागावलेय. जिन्यातल्या प्रत्येकाला सांगून बसलेय, त्याचाही राग आहे. पण तुला घाबरून हात पिशवीत गेला यासाठी मी तुला टाकून देणार नाही. ते बाईंपुढचं वाक्य मात्र तू स्वतःच्या तोंडाने मागे घे. आईने नाही, मी नाही, चिठ्ठी पाठवून नाही.

आता नीट वाच, कारण मला तुझा स्वभाव माहीत आहे. तिकडे जाऊन नाटक करू नकोस. आवाज चढवून त्या दोन गृहस्थांना सुनावू नकोस. तिला आधी सांगून जाऊ नकोस, नाहीतर ती तुला थांबवेल आणि तुला थांबायला मिळेल. आणि तिने परत बोलावं म्हणून तर मुळीच जाऊ नकोस. ती बोलणार नाही असं धरूनच घरातून निघ.

एक तारीख जवळ आली आहे.

निघताना दार हळू लाव.

मावशी


२८ नोव्हेंबर

मावशी,

नमस्कार. मधे महिना गेला. लिहिण्यासारखं काही होतं, पण लिहिण्याइतकं धड नव्हतं.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. बाईंच्या खोलीत कपाटाच्या कडीला तो हँगर होता आणि त्यावर बाईंचा कोट. मी घरून सगळं जुळवून नेलं होतं, काचेपासून सुरुवात करणार होतो. ते सगळं विसरलो. बाई म्हणाल्या, "या मास्तर, चार दिवस आधीच?" मी म्हटलं, "तो हँगर लाँड्रीचा आहे." त्या म्हणाल्या, "असू दे की." मी म्हटलं, "नाही. त्याच्या खांद्यावर लाल खूण आहे, ती तिच्या वडिलांच्या दुकानाची. माझ्यानंतर जी आत आली, तिच्या. हँगर तिचे, चिमटे तिचे, पाठ तिचा, प्रश्नही तिचा. मुलांमध्ये बसून मला काही सुचलेलं नाही."

बाईंनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. हँगर उलटसुलट करून खूण पाहिली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी आम्ही त्या मुलीला हसलो." मी म्हटलं, "हो. मी बाहेर उभा होतो." त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं कॉलेजातल्या सरांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या वेळी मला राग आला होता. या वेळी रागाला जागाच नव्हती. तुझ्या सूचनेप्रमाणे आईचं नाव म्हणायची गरज पडली नाही.

हँगर माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "जा तुम्ही." दार हळू लावलं. इतकं हळू की ते लागलंच नाही आणि पुन्हा जाऊन ओढावं लागलं.

आईला घरी सांगितलं. ती जेवली नाही. पुढचं तुला तिच्याकडून कळलंच असेल.

शाळेने तिला पुन्हा बोलावलं. हे मला तिच्याकडून कळलं नाही, तिच्या वडिलांनी गिऱ्हाइकाला सांगितलं ते भिंतीपलीकडून ऐकलं. हँगर मी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून आलो होतो. पुन्हा पाठ द्यायच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मी झेरॉक्सच्या यंत्राचं झाकण उघडं टाकून उभा.

"तुझं घड्याळ कुठाय?" ती म्हणाली.

"आहे. का?"

"वजाबाकी त्यांनी पाहिलीय. पुन्हा तीच काय दाखवू? दे."

मी माळ्यावरून काढून दिलं. म्हटलं, "मोठा काटा गळतो."

"माहितेय." तिने काटा बारावर नेला, सोडला. तो सहावर आला. "गळू दे. पोरांना विचारीन, हे घड्याळ सारखं साडे का वाजवतंय."

मला ते कधीच सुचलं नसतं, मावशी. मी इतके दिवस तो काटा चिकटवत बसलो होतो.

मी म्हटलं, "पिशवी..." ती म्हणाली, "पिशवी मी उचलते." मग पायरी उतरता उतरता थांबली. "आणि हे उसनं नेत नाहीये. परत मिळणार नाही."

"नको," मी म्हटलं.

जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. ते सांगायला तोंड लागतं, तुला लिहिलंच होतं मी.

आता ती सकाळची शाळेत जाते. पाठीला पिशवी, कडेला घड्याळ. आमच्या दुकानावरून जाते तेव्हा मी प्रती जुळवत असतो. एखाद्या दिवशी मान हलवते, एखाद्या दिवशी नाही. मी आशा धरून काही बसलेलो नाही, तू सांगितल्याप्रमाणे. बसलो असलो तरी कोणाला सांगत नाही.

तू जिन्यातल्या लोकांना काय सांगितलंस ते मला कळव. खरं सांगितलं असशील तर पुढच्या वेळी येईन तेव्हा खाली मान घालून चढेन, एवढंच.

सकाळची इस्त्री आता तिचे वडील करतात. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. माझ्या शर्टाची कॉलर वाकडी बसते, एक टोक वर, एक खाली. आई म्हणते, जाऊन सांग ना त्यांना. मी तसाच घालतो.

तुझा,
भाचा